गोमुखला दोनदा गेलो, चारशे फोटो काढले, कामाचा निघाला एकच

प्रश्न असा आहे: सोलापुरात राहतो, सेकंडहँड डीएसएलआर घेतलाय, हिमनद्या वितळतायत ते फोटोतून दाखवायचंय, तर सुरुवात कुठून करू आणि लेन्स कुठली घेऊ?

लेन्सचं मागून सांगतो, ते दोन ओळींचं काम आहे. आधी माझी फजिती ऐका. मी लग्नाच्या ऑर्डरी करणारा माणूस, शास्त्रज्ञ वगैरे काही नाही. २०१२ च्या मे महिन्यात घरच्यांना घेऊन गंगोत्रीला गेलेलो, आईबाबा धर्मशाळेत थांबले आणि मी आणि माझा एक दोस्त परमिट काढून गोमुखला, म्हणजे गंगोत्री हिमनदीच्या तोंडाशी, निघालो. गंगोत्रीपासून १८ किलोमीटर चालत, चीरबासा, भोजबासा करत, आणि गोमुख म्हणजे साधारण ४००० मीटर उंचीवर, सोलापूरचं ऊन सोडून थेट तिथं म्हणल्यावर डोकं गरगरतंच. पोचलो तर दोस्त म्हणतो, "हे काय बे, हे तर काळं हाय!"

खरंच काळं असतंय. कॅलेंडरवर पांढरंशुभ्र बघून गेलेल्या माणसाचा पोपट होतो. गंगोत्रीची हिमनदी जवळपास ३० किलोमीटर लांब आणि तिच्या खालच्या भागावर दगडमातीचा थर असतो. थर जाड असला की आतला बर्फ झाकून राहतो, आपल्याकडं बर्फाच्या लादीवर भुसा आणि पोतं टाकतात तसं. पण नुसती पातळ धूळ असली की उलटं होतं, काळा रंग ऊन ओढतो आणि बर्फ लवकर वितळतो. त्यामुळं अशी हिमनदी नुसती मागं सरकत नाही, ती खाली पण बसते. म्हणून तुम्ही नुसतं तोंडाशी उभं राहून फोटो काढला तर अर्धीच गोष्ट हातात येते, दोन्ही बाजूंना जे दगडगोट्यांचे उंच बांध दिसतात ना, मोरेन म्हणतात त्याला, ते फ्रेममध्ये घ्या. बर्फ पूर्वी कुठपर्यंत उंच होता ते बांधावरून कळतं.

मी तेव्हा असलं काहीच घेतलं नव्हतं. चारशे फोटो, निम्म्यात दोस्त हात पसरून उभा. पुढं २०१९ च्या ऑक्टोबरात परत गेलो, आता तुलना करू म्हणून, आणि हॉटेलात लॅपटॉप उघडून बसलो तर एकाही फोटोत मी नेमका कुठं उभा होतो तेच कळेना, त्यात पहिले फोटो मे महिन्यातले म्हणजे हिवाळ्यात पडलेला बर्फ अजून तसाच होता आणि दुसरे ऑक्टोबरातले, सगळं उघडं पडलेलं. ती जोडी फेसबुकला टाकली असती तर हजार लाईक मिळाले असते आणि ते सरळसरळ खोटं झालं असतं. यंदाच्या हिवाळ्यात पडलेला बर्फ वेगळा आणि हिमनदीचा जुना बर्फ वेगळा. तुलना करायची तर उन्हाळ्यातलं वितळणं संपत आलं की, सप्टेंबरच्या शेवटी वगैरे, दोन्ही वर्षी त्याच सुमारास काढायचं.

एकच फोटो जुळला, दोस्त एका मोठ्या दगडावर बसलाय आणि मागं भागीरथी शिखरं. तो दगड २०१९ ला सापडला कारण त्याला मधोमध चीर होती. दगडाची कड आणि मागच्या शिखराचं टोक एका रेषेत आलं की समजायचं आपण जागेवर आलो. हीच सगळी विद्या आहे बघा. मोबाईलचं जीपीएस काही मीटर इकडंतिकडं दाखवतं, पण जवळची एक वस्तू आणि लांबची एक वस्तू, अशा दोन जोड्या जुळल्या की तुम्ही पावलाच्या अंतरावर येता. सीझनचा घोळ मात्र त्या जोडीतपण आहेच, ते लपवून सांगणार नाही.

हे काम जुनं आहे. जॉर्ज मॅलरी या इंग्रज गिर्यारोहकानं १९२१ मध्ये एव्हरेस्टच्या उत्तरेकडून रोंगबुक हिमनदीचा फोटो काढला आणि २००७ मध्ये डेव्हिड ब्रेशिअर्स या अमेरिकन गिर्यारोहक-फोटोग्राफरनं तीच जागा हुडकून परत काढला. दोन्ही शेजारी ठेवले की बर्फाचा अख्खा डोंगरच बसल्यासारखा दिसतो. आणि त्याच मॅलरीनं त्या मोहिमेत आधी कॅमेऱ्यात काचेच्या प्लेटा (तेव्हा फिल्मच्या जागी त्या असायच्या) उलट्या घातलेल्या, सगळी मेहनत वाया, परत काढावे लागले. आपण लेन्सकॅप न काढता क्लिक करतो त्यातलाच प्रकार.

दुसरी पद्धत म्हणजे कॅमेरा तिथंच ठोकून सोडून द्यायचा. जेम्स बॅलॉग या अमेरिकन फोटोग्राफरनं २००७ पासून ग्रीनलँड, आइसलँड, अलास्कात टाइमलॅप्स कॅमेरे, म्हणजे ठराविक वेळानं आपोआप फोटो काढत राहणारे, बसवले, सुरुवातीला टायमर बंद पडायचे, तरी सोडलं नाही. २००८ मध्ये त्याच्या टीमनं ग्रीनलँडच्या इलुलिसाटला हिमनदीचा तुकडा मोडताना शूट केला, ७५ मिनिटं मोडणं चालू होतं. ते आपल्या बजेटबाहेरचं आहे, सोडा.

मला स्वतःला जास्त आवडलेली गोष्ट वेगळीच. अमेरिकेच्या जुन्या हेरगिरी उपग्रहांनी १९७० च्या दशकात फिल्मवर हिमालयाचे फोटो काढलेले, ते नंतर खुले झाले, आणि ते आताच्या उपग्रहांच्या माहितीशी जुळवून २०१९ मध्ये एक अभ्यास आला. साधारण ६५० हिमनद्या, आणि २००० नंतर बर्फ जाण्याचा वेग त्याआधीच्या २५ वर्षांच्या दुप्पट. काढणाऱ्याच्या मनात हिमनदी नव्हतीच, पण जागा आणि तारीख पक्की होती म्हणून चाळीस वर्षांनी कामी आले.

आता तुमचं. कृपा करून थेट हिमालयात जाऊ नका, आधी इथं हात बसवा. पण उजनी धरणावर जाऊन भेगाळलेली माती काढून खाली हवामान बदल असं लिहू नका हो. उजनी मायनसमध्ये जाते, म्हणजे पाणी नेहमीच्या वापराच्या पातळीच्याही खाली जातं, ती पुणे जिल्ह्यात पाऊस कमी पडला आणि इकडं पाणी सोडलं म्हणून पण जाते, २०२४ च्या उन्हाळ्यात जवळपास उणे ६० टक्क्यांपर्यंत गेली, जुनी देवळं उघडी पडली, लोक सेल्फी काढायला गेले. एका वर्षाच्या फोटोनं काहीच सिद्ध होत नाही, दहा वर्षांच्या ओळीनं काहीतरी बोलता येतं.

लेन्स जी असेल ती चालेल. दृश्यातली मागची-पुढची मांडणी तुम्ही कुठं उभे आहात त्यावर ठरते, लेन्सवर नाही, वाईड काढून नंतर क्रॉप करता येतं. रॉमध्ये काढा, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली कच्ची फाईल, नंतर सुधारायला वाव राहतो. बर्फावर कॅमेरा फसतो, पांढऱ्याला राखाडी करतो, तेव्हा एक्सपोजर (उजेडाचं माप) एक ते दीड स्टॉप वाढवा, एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड. बॅटऱ्या आतल्या खिशात अंगाला लागून ठेवा, थंडीत पटापट उतरतात.

मी स्वतः २०२२ पासून हिप्परग्याच्या तलावावर दर महिन्याच्या १ तारखेला सकाळी सातला एकाच ठिकाणी उभा राहून फोटो काढतो, बाभळीचं खोड आणि पलीकडचा टॉवर एका रेषेत धरून. २०२३ च्या मे मध्ये लग्नाची ऑर्डर आली म्हणून भाच्याला पाठवलं, तो सावली बघून दोन पावलं डावीकडं उभा राहिला. तो महिना अजून बसत नाही.