युद्ध संपलेल्या देशात कायद्याची पुस्तकं लिहून आणि वकील घडवून कायद्याचं राज्य येतं का? एलएलएमच्या प्रबंधाला हा विषय घ्यावा का?

आधी दुभाषा, मग पुस्तक. माझं उत्तर एवढंच आहे. पण या मतावरून मी माझ्या सरांशी चौदा वर्षं भांडले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी नागपूरची. १९९७ मध्ये इथल्या खंडपीठात वकिली करणाऱ्या एका ज्येष्ठांकडे ज्युनिअर होते. सर विधी साहाय्याच्या केसेस मनापासून लढायचे. महिन्यातून दोनदा गणेशपेठहून पहाटेची एसटी धरून आम्ही पूर्व विदर्भातल्या एका सत्र न्यायालयात जायचो. त्यात एका माडिया (गडचिरोलीच्या जंगलातली आदिवासी जमात, तिची बोलीही माडियाच) माणसाची केस होती. रस्त्याच्या कामावरचा ट्रॅक्टर जाळला आणि चौकीदारावर गोळी झाडली, असा आरोप. कलम ३१३ च्या बयानाची, म्हणजे पुराव्यावर आरोपीचं म्हणणं न्यायाधीशाने विचारून घ्यायची, तारीख आली तोवर त्याला आत जाऊन अडीच वर्षं झाली होती.

सतरा प्रश्न होते. तुझ्या घरातून भरमार (ठासणीची बंदूक) जप्त झाली असं पंच सांगतो, काय म्हणणं आहे? हो. चौकीदाराने तुला ओळखलं, काय म्हणणं आहे? हो. सतराही प्रश्नांना तो ‘हो’च म्हणाला. मराठीतला तेवढा एकच शब्द त्याला येत होता आणि साहेबलोकांसमोर तो म्हटला की मार कमी बसतो, एवढं तो शिकला होता. दुभाषा म्हणून कोर्टातला शिपाई उभा केला होता. त्याला थोडी गोंडी यायची, माडिया नाही. आरोपीला कळत नसलेल्या भाषेतला पुरावा त्याला कळेल अशा भाषेत समजावून सांगावा, असं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम २७९ स्पष्ट सांगत होतं. ते कलम त्या खोलीतल्या प्रत्येक वकिलाला पाठ होतं.

मी सरांचा कोट ओढला. सर म्हणाले, “चालू दे. ओळख परेडच नाही झाली, केस तशीही टिकत नाही. तू काय भाषेचं घेऊन बसली?”

दुपारी चहाच्या टपरीवर बसून मी हाताने अर्ज लिहिला. सरांनी सही केली, पण परतीच्या एसटीत नागपूर येईपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. पुढच्या तारखेला आश्रमशाळेचे एक माडिया गुरुजी आले. ‘आरोप’ या शब्दाला त्यांना माडियात शब्द सापडेना, म्हणून त्यांनी ‘लोक तुझ्याबद्दल असं बोलतात’ असं विचारायला सुरुवात केली. आणि तो माणूस चाळीस मिनिटं बोलला. त्या रात्री तो नदीपलीकडे बहिणीच्या गावी मयतीला गेला होता, पुरामुळे तीन दिवस तिकडेच अडकला होता, त्या गावच्या भूमियाला (गावप्रमुखाला) विचारा, असं तो अटकेच्या दिवसापासून सांगत होता. भूमियाला बोलवायला गेलो तर तो आदल्या उन्हाळ्यात वारलेला.

तो सुटला. ओळख परेड नाही, पंच फितूर, म्हणून सुटला. निकालपत्रात नदीची एक ओळ नाही. सरांचं म्हणणं, “सुटला नं? मग?” माझं म्हणणं, न्यायालयाने त्याचं काही ऐकलंच नाही आणि तरी कायद्याप्रमाणे सगळं झालं असं कागद सांगतो. त्याला मी कायद्याचं राज्य म्हणणार नाही. सर २०११ मध्ये गेले, तेव्हाही हे भांडण मिटलेलं नव्हतं.

आता तुमचा प्रश्न. इंडोनेशियाच्या ताब्यातून सुटलेला पूर्व तिमोर बघा. ३० ऑगस्ट १९९९ च्या सार्वमतात ७८.५ टक्के लोकांनी इंडोनेशियाबरोबर राहायला नकार दिला आणि मग जाळपोळीत कोर्टाच्या इमारती, दप्तरं सगळं गेलं. न्यायाधीश आणि वकील बहुतेक इंडोनेशियन होते, ते निघून गेले. कायदा शिकलेल्यांनी पुढे यावं म्हणून विमानातून पत्रकं टाकावी लागली. ७ जानेवारी २००० ला आठ न्यायाधीश आणि दोन सरकारी वकील नेमले, त्यांतला एकही आधी न्यायासनावर बसलेला नव्हता. हे लोक इंडोनेशियात, इंडोनेशियन भाषेत कायदा शिकलेले. २००२ च्या संविधानाने राजभाषा केल्या तेतुम आणि पोर्तुगीज. कायदे पोर्तुगीजमध्ये लिहिले जाऊ लागले, पक्षकार तेतुम किंवा आपापली बोली बोलणारे, आणि २००५ च्या सुरुवातीला सगळे तिमोरी न्यायाधीश मूल्यमापन परीक्षेत नापास ठरवले गेले. त्यांना पुढचं प्रशिक्षण मिळालं तेही पोर्तुगीजमधून. हे वाचलं तेव्हा मला ते सतरा ‘हो’ आठवले. तिमोरमध्ये दुभाषा आरोपीलाच काय, न्यायाधीशालाही लागत होता.

स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांनी २००७ पासून काबूलच्या अमेरिकन विद्यापीठासाठी अफगाण कायद्याची पाठ्यपुस्तकं लिहिली. मेहनत खरी आहे, मी ती नाकारत नाही. पण तिथला वर्ग इंग्रजीत चालायचा आणि कायदा दरी आणि पश्तो या तिथल्या भाषांत होता.

उलट बाजू आमच्याच गडचिरोलीत आहे. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंड गाव. तिथे लॉ कॉलेज नाही. गावाने अभ्यासगट बसवले, कायदा आपल्या भाषेत वाचून त्यावर वाद घातला, ठराव सर्वसहमतीने केले. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये त्यांना सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर अख्ख्या गावाचा हक्क, मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. कायद्याचं शिक्षण म्हणतात ते हेच, असं मी वर्गात वीस वर्षं सांगत आले.

विषय जरूर घ्या. पण प्रकल्पांचे अहवाल आणून त्यावर दोनशे पानं लिहू नका. सहा महिने गडचिरोलीतल्या भामरागडला किंवा एटापल्लीला जाऊन राहा, बोली शिका, तारखेला कोर्टात मागच्या बाकावर बसा आणि दुभाषा म्हणून कोण उभं राहतंय, त्याला किती पैसे मिळतात, तो वाक्य पूर्ण सांगतो की अर्धं, हे वहीत लिहा. तुमचे गाइड याला संशोधन म्हणणार नाहीत. तरी करा.

एक सांगायचं राहिलं. एक जिल्हा आणि एक अख्खा देश यांची तुलना फार ताणू नये. तिमोरमध्ये न्यायाधीशच उरले नव्हते, आमच्याकडे खंडपीठ होतं आणि सरांसारखा फी न घेता लढणारा वकीलही होता. आणि शिक्षण फुकट जातं असंही नाही. अफगाणिस्तानात अडीचशेवर स्त्रिया न्यायाधीश झाल्या, त्या शिकल्या म्हणूनच झाल्या. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान परत सत्तेवर आल्यावर त्यांना जीव वाचवायला लपावं लागलं, देश सोडावा लागला, तो दोष पुस्तकांचा नाही. आणि सरांची केसची पारख बरोबर होती, तो माणूस खरंच ओळख परेड झाली नव्हती म्हणून सुटला.

त्या बयानाची सहीशिक्क्याची नक्कल माझ्याकडे आहे, सतराही प्रश्नांची. नागपूरला आलात तर नाव झाकून दाखवीन.