अकिलीस सगळ्यात मोठा वीर होता, तर ग्रीकांचा सेनापती अगामेम्नॉन कसा?

तुम्ही एका दमात तीन गोष्टी विचारल्यात: अकिलीस असताना नेतृत्व अगामेम्नॉनकडे का, होमरच्या लेखी चांगला नेता कोण, आणि टाचेची ती प्रसिद्ध गोष्ट इलियडमध्ये कुठे आहे. इलियड म्हणजे ग्रीकांनी ट्रॉय शहराला घातलेल्या वेढ्यावरचं ग्रीक कवी होमरचं महाकाव्य. टाचेचं शेवटी सांगतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर पहिल्याच सर्गात म्हातारा नेस्टर देऊन टाकतो. भर सभेत दोघं हमरीतुमरीवर आलेले असताना तो अकिलीसला म्हणतो, तू बलवान आहेस, देवीच्या पोटी जन्मलास, पण हा तुझ्याहून मोठा, कारण याच्या हाताखाली माणसं जास्त. दुसऱ्या सर्गात जहाजांची जी लांबलचक यादी येते (बहुतेक वाचक ती गाळतात, मीही पहिल्या खेपेला गाळली होती) तिच्यात याचा हिशेबच मांडलाय. अगामेम्नॉनची स्वतःची 100 जहाजं, शिवाय दर्यावर्दी नसलेल्या आर्केडियाच्या लोकांना त्यानं दिलेली 60. अकिलीसची 50. इथाका बेटाचा राजा ओडिसियस, त्याची तर 12. ज्याच्या पदरी माणसं जास्त, त्याचा शब्द वर. तलवारबाजीची परीक्षा घेऊन कुणी सेनापती नेमला नव्हता.

मग बिनसलं कुठे? आपल्या भाषेत सांगायचं तर मानपानात. लूट मिळाली की ती वाटायची, आणि ज्याची जशी योग्यता तसा त्याला खास वाटा द्यायचा, ही तिथली रीत. आपल्या वाट्याला आलेली, अपोलो देवाच्या पुजाऱ्याची मुलगी परत करावी लागली म्हणून अगामेम्नॉन अकिलीसच्या वाट्याला आलेली बंदिवान ब्रिसेइस उचलून नेतो. वाटा गेला, आणि तो सगळ्यांदेखत गेला. म्हणून अकिलीस लढाई सोडून बसतो. नवव्या सर्गात अकिलीस आपली बाजू अगदी आकड्यांनिशी मांडतो: जहाजांनी जाऊन मी 12 शहरं जिंकली, जमिनीवरून 11, सगळी लूट याच्यापुढे आणून ठेवली, आणि हा जहाजांपाशी बसून थोडं वाटायचा, बरंच ठेवून घ्यायचा. पहिल्या सर्गात तर त्यानं त्याला ‘प्रजा खाणारा राजा’ म्हटलेलंच आहे.

मी एका कारखान्यात शिफ्ट सांभाळतो. विशीत इलियड वाचलं तेव्हा लढाया वाचल्या होत्या. चाळिशीनंतर पुन्हा हातात घेतलं तेव्हा ओव्हरटाइमची यादी आठवत राहिली. पैसे कमी मिळाले तर माणसं कुरकुरतात आणि विसरतात. यादीतलं नाव खोडून साहेबानं स्वतःच्या माणसाचं लिहिलं, तर विसरत नाहीत. म्हणूनच नवव्या सर्गात अगामेम्नॉन सोनं, घोडे, सात नगरं, वर स्वतःची मुलगी देऊ करतो, तरी अकिलीस हलत नाही. निरोप घेऊन गेलेला ओडिसियस त्यातली शेवटची ओळ शहाणपणानं गिळतो: ‘त्यानं माझ्यापुढे नमावं, मी जास्त मोठा राजा आहे.’ ती त्यानं सांगितली नाही, तरी अकिलीसला वास लागलाच असावा. मनात एक आणि ओठांवर दुसरं ठेवणाऱ्याचा मला नरकाच्या दारासारखा तिटकारा आहे, हे तो सुरुवातीलाच सुनावतो.

अगामेम्नॉन भित्रा होता असं मात्र समजू नका. अकराव्या सर्गात तो जबरदस्त लढतो, जखमी होतो. पण पारडं फिरलं की त्याचं पहिलं बोलणं ‘चला, घरी जाऊ’ हेच. चौदाव्या सर्गात ओडिसियस त्याला तोंडावर म्हणतो की तू दुसऱ्या कुठल्यातरी नालायक सैन्याचा म्होरक्या असायला हवा होतास.

नेता कसा असावा याची होमरमधली सगळ्यात स्वच्छ मांडणी शत्रूपक्षातला एक जण करतो, तोही ट्रॉयचा नव्हे तर मदतीला आलेला लिशियाचा सार्पेडॉन. बाराव्या सर्गात तो मित्राला विचारतो: आपल्याला पंगतीत मानाची जागा, मांसाचा चांगला तुकडा, भरलेले प्याले आणि नदीकाठची सुपीक जमीन लोक का देतात? म्हणून आता आपण पहिल्या फळीत उभं राहायला हवं. आणि पुढे म्हणतो, म्हातारपण आणि मरण कायमचं टळणार असतं तर मी स्वतःही लढलो नसतो आणि तुलाही पाठवलं नसतं. मरायचंच आहे, तर चल. मान आधी खाल्लाय, आता फेडायचा, एवढा सरळ हिशेब. पुढे सोळाव्या सर्गात तो मरतो.

ट्रॉयचा राजपुत्र आणि सेनानी हेक्टर बहुतेकांना आवडतो, तुम्हालाही आवडला असेल. सहाव्या सर्गात त्याच्या शिरस्त्राणाला घाबरून लेक रडतो, आणि तो हसून ते काढून जमिनीवर ठेवतो. ते वाचून त्याच्याबद्दल वाईट बोलवत नाही. पण त्याच भेटीत बायको तटाआड राहून लढ म्हणून विनवते तेव्हा त्याचं पहिलं कारण काय? ट्रॉयच्या लोकांपुढे मला लाज वाटेल. ‘लोक काय म्हणतील’ हे ओझं त्यानं तिथपासून उचललंय. अठराव्या सर्गात, मित्र पॅट्रोक्लस हेक्टरच्या हातून मेल्यावर अकिलीस पुन्हा लढायला उभा राहिला हे कळल्यावर, पॉलिडॅमस सांगतो की आज रात्रीच शहरात शिरू, तटावरून लढू. हा पॉलिडॅमस हेक्टरचा साथीदार, तो जन्मला त्याच रात्री जन्मलेला. एक बोलण्यात पुढे, दुसरा भाल्यात. हेक्टर त्याला झिडकारतो, तटाआड कोंडून घ्यायचा कंटाळा नाही का आला म्हणतो, आणि सगळे ट्रोजन जल्लोष करतात. होमर सहसा मध्ये बोलत नाही, इथे बोलतो: मूर्ख होते ते, वाईट सल्ल्याचं कौतुक केलं आणि चांगला सल्ला देणाऱ्याचं कुणीच केलं नाही.

दुसऱ्या दिवशी कत्तल होते. बाविसाव्या सर्गात हेक्टर वेशीबाहेर एकटा उभा आहे, वरून आईबाप आत ये म्हणून आक्रोश करतायत, आणि तो स्वतःशी बोलतो: आत गेलो तर पॉलिडॅमसच पहिला दोष देईल, माझ्या हट्टानं मी लोकांचा नाश केला. त्याला सगळं कळलंय. दार उघडं आहे. एका दिवसापूर्वी ज्या लाजेनं सैन्य बाहेर ठेवलं, तीच आता त्याला आत जाऊ देत नाही. आणि अकिलीस जवळ आल्यावर तो पळतो, तटाला तीन फेऱ्या मारतो. त्याच्या या पळण्याला हसणारा वाचक मला अजून भेटलेला नाही.

ओडिसियसबद्दल थोडक्यात, कारण तो वेगळ्या उत्तराचा विषय आहे. ओडिसी (त्याच्या परतीच्या प्रवासावरचं होमरचं दुसरं महाकाव्य) उघडते तीच त्याच्या बचावानं: साथीदारांना वाचवायला तो झटला, ते आपल्याच बेपर्वाईनं मेले. पण दहाव्या सर्गात त्याचाच नातलग युरिलोकस, सायक्लॉप्स या एकडोळ्या राक्षसाच्या गुहेत मेलेल्यांबद्दल, नेमका तोच शब्द उलटवतो: ते याच्या बेपर्वाईनं मेले. वाऱ्यांच्या राखणदारानं, एओलसनं, दिलेली वाऱ्यांची थैली आठवा. नऊ दिवस हा सुकाणू दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाही, थैलीत काय आहे हे कुणाला सांगत नाही, आणि इथाका दिसू लागल्यावर झोपतो. बाकीच्यांना वाटतं सोनं असणार. थैली सुटते आणि जहाजं परत फेकली जातात. बारा जहाजं घेऊन निघालेला माणूस घरी एकटा पोचला.

तर चांगला नेता कोण? मला विचाराल तर तेविसाव्या सर्गातला अकिलीस. पॅट्रोक्लसच्या अंत्यविधीनंतर तो खेळ भरवतो, आणि या खेपेला बक्षिसं वाटायचं काम त्याच्याकडे आहे. रथांच्या शर्यतीत सगळ्यात चांगला सारथी युमेलस अपघातानं शेवटी येतो, म्हणून अकिलीस त्याला दुसरं बक्षीस, एक घोडी, द्यायला निघतो. दुसरा आलेला पोरसवदा अँटिलोकस उसळतो: ही घोडी माझी आहे, त्याला द्यायचंच तर तुझ्या गोटातलं दुसरं काही दे. म्हणजे पहिल्या सर्गातलं भांडणच पुन्हा, फक्त अकिलीस आता दुसऱ्या बाजूला. तो हसतो आणि म्हणतो, बरं, तसंच करू. म्हाताऱ्या नेस्टरला न खेळताच बक्षीस मिळतं. भालाफेकीला अगामेम्नॉन उठतो तेव्हा अकिलीस स्पर्धाच होऊ देत नाही. तू सगळ्यांत पुढे आहेस हे आम्ही जाणतो म्हणून भांडं त्याला देतो आणि भाला दुसऱ्याला, तेही ‘तुझी हरकत नसेल तर’ असं विचारून.

आता टाच. ती होमरमध्ये नाहीच. आईनं टाचेला धरून बाळ अकिलीसला पाताळातल्या स्टिक्स नदीत बुडवलं, म्हणून टाच तेवढी कच्ची राहिली, ही गोष्ट कितीतरी शतकांनंतरच्या लेखनातली. इलियड हेक्टरच्या अंत्यसंस्कारावर संपतं, त्यात अकिलीस मरतही नाही. रक्त मात्र निघतं. एकविसाव्या सर्गात दोन्ही हातांनी भाले फेकणारा ॲस्टेरोपेअस त्याच्या उजव्या हाताला ओरखडा काढतो. युमेलसला घोडीऐवजी जे चिलखत मिळालं, ते याच ॲस्टेरोपेअसच्या अंगावरून काढलेलं होतं.