मौन ध्यान शिबिरानंतर झोप उडालीये?

कण्यातून झिणझिण्या चढणं, उगाच रडू येणं हे बऱ्याच साधकांना होतं. त्याला लगेच कुंडलिनी जागृती, म्हणजे कण्याच्या तळाशी सुप्त मानलेली शक्ती जागी होणं, म्हणू नकोस. जम्मूत १९३७ साली योगसाधक गोपी कृष्ण यांना ध्यानात तसा अनुभव आला आणि पुढे कित्येक वर्षं ते त्यात होरपळले. हा भाग कुणी कौतुकाने सांगत नाही!

सध्या ध्यान बंद, पूर्ण बंद. प्राणायाम, उपासही नकोत. पोटभर जेव, रोज चाल, घरच्यांत बस. पण दोन-तीन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, आवाज ऐकू आले किंवा 'देवाने मलाच निवडलंय' असं वाटू लागलं, तर गुरुजी नंतर, आधी मानसोपचारतज्ज्ञ. रात्री-अपरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन कर, मोफत आहे. आधीपासून गोळ्या चालू असतील तर त्या आपल्या मनाने सोडू नकोस.