वाचकांचे प्रश्न : जुना वाडा पाडण्यापूर्वी

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात गावाच्या कडेला आमचा माती-विटांचा जुना वाडा असून त्याची मागची बाजू खचली आहे. पुढच्या भागावर कवेलू, तर मागच्या गोठ्यावर सिमेंटचे पत्रे आहेत. अंगणाला लागून सार्वजनिक विहीर, पलीकडे अंगणवाडी आणि मागे पऱ्हाटीचे शेत आहे. मे महिन्यात जेसीबी लावून दोन दिवसांत वाडा पाडावा आणि मलबा नाल्याकाठी टाकावा, असे कंत्राटदार सांगतो. शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून आम्ही काय करावे?

उत्तर : कंत्राटदाराने सुचवलेला महिना, यंत्र आणि नाला या तिन्ही गोष्टी आम्हाला पटत नाहीत. धूळ दाबण्यासाठी पाणी लागते, आणि मे महिन्यात प्यायच्या पाण्याचीच ओढ असताना ते भिंतींवर शिंपडणे गावाला रुचणार नाही. शिवाय ४५ अंशांच्या उन्हात तोंडाला फडके बांधून मजुरांनी दिवसभर राबावे, अशी अपेक्षाही करता येत नाही. दिवाळीनंतर लगेच काम काढल्यास फुटलेल्या बोंडांवर धूळ बसून मागच्या शेतकऱ्याच्या कापसाची प्रत खालावेल. म्हणून शेवटची वेचणी उरकल्यापासून होळीपर्यंतचा काळ आपल्याकडे सर्वांत सोयीचा ठरतो. अंगणवाडी सुटल्यानंतरच भिंतींचे काम करावे आणि त्या बाजूला हिरवी जाळी बांधावी.

सर्वांत जास्त काळजी गोठ्यावरच्या पत्र्यांची घ्यावी. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत बहुधा अ‍ॅस्बेस्टॉस असते. पत्रा शाबूत आहे तोवर धोका कमी असतो, पण तो फोडला, कापला किंवा जेसीबीच्या बकेटखाली चुरडला की डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत मिसळतात आणि श्वासावाटे फुप्फुसांत जाऊन वर्षानुवर्षांनी कर्करोगासारखे आजार उद्भवू शकतात. त्यामुळे वीज कंपनीकडून जोडणी तोडून घेतल्यावर, इतर कामाला हात लावण्यापूर्वी पत्रे पाण्याने भिजवून, बोल्ट सैल करून, अखंड खाली घ्यावेत आणि जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून वेगळे ठेवावेत. त्यांच्या विल्हेवाटीबाबत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या आपल्या भागातील कार्यालयाकडे लेखी विचारणा करावी. ‘अजून चांगले आहेत’ म्हणून कोणी मागितले, तरी देऊ नयेत.

त्यानंतरचा क्रम बांधकामाच्या उलट ठेवावा. आधी दारे-खिडक्या, कवेलू, सागवानी मयाली (तुळया) आणि फाटे (वासे) उतरवावेत, आणि भिंती वरून खाली, थराथराने काढाव्यात. भिंतीचा पाया पोखरून ती लोटून देण्याची घाई जिवावर बेतू शकते. आपल्या भिंती मातीत किंवा चुन्यात बांधलेल्या असतील, तर विटा बहुतांशी अखंड निघतात. सिमेंटच्या जोडाईत तसे होत नाही. सागवान गावाबाहेर न्यायचे असल्यास वाहतूक परवान्याविषयी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना आधी विचारावे. वाड्यात धान्याचे पेव, म्हणजे जमिनीत खोदलेले कोठार, होते का, हेही घरातील वडीलधाऱ्यांना विचारून ठेवावे, कारण बुजलेल्या पेवावर जड यंत्र गेले की जमीन खचते. जेसीबी पायापुरताच आणावा.

हाताने उतरवण्यास मजुरी अधिक लागते, हे खरे. मात्र यंत्राने सारे एकत्र कालवले की माती, विटा, लाकूड आणि पत्र्यांचा चुरा यांची खिचडी होते व ती कोणी फुकटही नेत नाही. वेगळी काढलेली भिंतींची पांढरी माती शेतात टाकण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. फक्त चुन्याचा गिलावा तिच्यात मिसळू देऊ नये, कारण आपली काळी जमीन मुळातच चुनखडीयुक्त आणि विम्लधर्मी असते. विटांचे तुकडे ग्रामपंचायतीशी बोलून पांदण रस्त्याच्या भरावासाठी देता येतील. नाल्याकाठी टाकलेला मलबा मात्र पहिल्याच मोठ्या पावसात प्रवाह अडवतो आणि पाणी शेतांत शिरते. बांधकाम व पाडकामाच्या कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या केंद्रीय नियमांनीही काँक्रीट, माती, लोखंड, लाकूड, विटा असे वर्गीकरण करण्याची आणि मलबा रस्त्यावर किंवा नाल्यात न टाकण्याची जबाबदारी तो निर्माण करणाऱ्यावरच ठेवली होती. २०२५ च्या नव्या नियमांचा रोख २०,००० चौरस मीटर व त्याहून मोठ्या प्रकल्पांवर आहे, म्हणून घरमालकाने मलबा कुठेही लोटावा असे होत नाही.

विहिरीचे तोंड काम चालू असेपर्यंत ताडपत्रीने झाकावे, चुना आणि मातीचे ढीग तिच्या उताराच्या बाजूला, म्हणजे पावसाचे पाणी ढिगावरून विहिरीकडे येणार नाही असे रचावेत आणि मृगाआधी ते हलवावेत. शेजाऱ्याची भिंत सामाईक असल्यास तिच्या आताच्या भेगांची छायाचित्रे दोघांनी मिळून काढावीत आणि कामाची लेखी माहिती ग्रामपंचायतीला देऊन पोच घ्यावी.