क्रॉनिक फटीगला 'तीव्र थकवा' म्हणायचं का?

प्रश्न असा आलाय की क्रॉनिक फटीग सिंड्रोम या आजाराला 'तीव्र थकवा' म्हटलं तर चालेल का. नाही चालत. तीव्र म्हणजे अक्यूट, झटक्यात आलेलं. क्रॉनिकला आपल्याकडं जुनाट हा चांगला शब्द आहे की, जुनाट खोकला म्हणतोच आपण. सिंड्रोमला संलक्षण म्हणतात, पण बोलताना कोण म्हणणार.

खरी गोची थकव्याची. थकवा, शीण, दमणूक हे सगळे कष्टातनं येणारे शब्द आणि पडलं, झोपलं की ते जातं हे त्यात धरलेलंच आहे, म्हणून तर आपण 'शीण काढतो'. हा शीण निघतच नाही. २०१५ साली अमेरिकेत या आजाराच्या निदानाचे जे निकष ठरले त्यात हेच आहे, सहा महिने उलटले तरी पहिल्यासारखी कामं झेपत नाहीत, झोपून उठलं तरी ताजं वाटत नाही, वर डोकं चालेनासं होणं नाहीतर उभं राहिलं की त्रास वाढणं यातलं एक तरी. आणि मुख्य खूण म्हणजे जरा श्रम झाले की नंतर सगळं ढासळतं, कधी तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी.

आमच्या सोलापुरात शेजारी विड्या वळणाऱ्या मावशी आहेत, त्यांना हेच निदान झालंय. गौरीला पुरणपोळ्या लाटल्या, हसत वाढल्या, तिसऱ्या दिवशी वेणी घालायला हात वर जाईना. म्हणाल्या, "माग हाय बघ जाग्यावर, पर धोटाच हलंना." (धोटा म्हणजे मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडं पळतो तो. घरात मागाचं काम, दुसरं काय आठवणार!)

तशी 'थकणे'ची दुसरी बाजू इथं फिट बसते, भाडं थकतं, पगार थकतो ती. आज खर्चलेली ताकद परवा व्याजासकट वसूल होते.

हे ओळखायची एकच अशी रक्ततपासणी नाही, हिमोग्लोबिन, थायरॉइड, शुगर बघून बाकीचे आजार आधी वगळतात. मुळातनं बरं करणारं औषध नाही, झोप, दुखणं, चक्कर यांवर उपचार करतात. पूर्वी ठरवून रोज थोडा व्यायाम वाढवायला लावायचे, उपचार कसे करावेत हे ठरवून देणाऱ्या इंग्लंडच्या नाइस संस्थेनं २०२१ मध्ये तसं करू नका म्हणून सांगितलं. आता पेसिंग सांगतात, म्हणजे झेपेल तेवढंच करायचं आणि ढासळायच्या आधी थांबायचं. त्याला 'बेतानं' हा शब्द पुरे.

माझं मत विचाराल तर 'जुनाट गळाठा'. गळाठा यायला कष्ट केलेले असावेच लागत नाहीत, आणि मावशींना तो सांगितला तर लगेच म्हणाल्या, "हां, ह्येच."