आधी आकडा लिही, मग मीटर लाव

प्रिय दोस्त,

तुझा मेसेज दोनदा वाचला. बेसिक नेटवर्किंग झालंय, सबनेटिंग येतंय, राउटिंग प्रोटोकॉल लॅबमध्ये फिरवून बघितलेत आणि आता पुढे ४०० जीचं (सेकंदाला ४०० गिगाबिटच्या लिंकचं) ट्रेनिंग घेऊ, ऑप्टिकलचं म्हणजे फायबरचं घेऊ का ५ जी ट्रान्सपोर्टचं (मोबाइल टॉवर जोडणाऱ्या नेटवर्कचं), इथे गाडी अडलीय. कोर्सचं सांगतेच, पण त्याआधी एक सवय सांगते, कारण ती मी तरी कुठल्या सिलॅबसमध्ये बघितली नाही आणि कामावर उभं राहिल्यावर पहिल्या दिवसापासून तीच लागते. कुठलंही माप घ्यायच्या आधी काय यायला हवं तो आकडा स्वतः काढून कागदावर लिहायचा. मीटर नंतर.

मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. ६० किलोमीटरची एक फायबर लिंक, एरर येत होत्या, मधेच लिंक पडायची, परत उठायची. आम्ही तिघं तीन रात्री त्यात घालवल्या. ट्रान्सीव्हर (फायबरमध्ये प्रकाश सोडणारं आणि घेणारं मॉड्यूल) दोनदा बदलला, कार्ड बदललं, सॉफ्टवेअरवर संशय घेतला, लॉगची पानंच्या पानं चाळली. चौथ्या दिवशी आमचे सीनियर आले आणि त्यांनी एकच विचारलं, रिसीव्हरला किती पॉवर यायला पाहिजे होती? किती येतेय ते आम्हाला पाठ होतं, उणे २१ डीबीएम (१ मिलिवॅट म्हणजे ० डीबीएम, उणे जितकं जास्त तितका प्रकाश कमी). किती यायला हवी ते एकालाही सांगता येईना. त्यांनी तिथेच पॅचकॉर्डच्या (जोडणीच्या छोट्या फायबर केबलच्या) पुठ्ठ्यावर मांडलं: सोडतोय ० डीबीएम, ६० किलोमीटरला स्प्लायस (फायबरचे कायमचे जोड) धरून किलोमीटरमागे पाव डीबी लॉस म्हणजे १५, दोन कनेक्टरचा मिळून १, म्हणजे उणे १६ च्या आसपास यायला हवं. पाच डीबी कुठेतरी गायब होते. पाच डीबी ऐकायला किरकोळ वाटतं, पण ३ डीबीला प्रकाश निम्मा होतो आणि पाचला जवळपास दोन तृतीयांश संपतो.

मग ते फायबर जोडायच्या फ्रेमपाशी गेले, पॅचकॉर्ड काढली, टोक स्कोपखाली (तपासायच्या मायक्रोस्कोपखाली) धरलं आणि मला बघायला लावलं. करड्या गोलाच्या बरोब्बर मधे काळा डाग. सिंगलमोड फायबरचा कोअर, म्हणजे प्रकाश जातो तो मधला भाग, साधारण ९ मायक्रॉनचा असतो, केस त्याच्या कितीतरी पट जाड, तेव्हा धुळीचा एक कण तिथे बसला की झालं. आणि आम्ही काय केलं होतं, तर तेच मळकं टोक दरवेळी नव्या ट्रान्सीव्हरमध्ये खुपसलं होतं, म्हणजे घाण तिकडेही नेली. दोन्ही बाजू पुसून परत लावलं तर उणे १६.४. (एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते, चालू फायबरच्या टोकात डोळा घालून बघायचं नाही, कधीच नाही. तो प्रकाश इन्फ्रारेड असतो, दिसत नाही, म्हणून धोका कळतही नाही. आधी पॉवर मीटरने फायबर बंद आहे याची खात्री, मग स्कोप.)

त्या दिवसापासून मी आकडा आधी लिहिते. यात गंमतही आहे, कारण आकड्यामागे इतिहास दिसायला लागतो. १९६६ मध्ये चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी मांडलं की काच पुरेशी शुद्ध केली तर किलोमीटरला २० डीबीपर्यंत लॉस आणता येईल, म्हणजे एका किलोमीटरनंतर शंभरातला एक भाग प्रकाश उरला तरी कम्युनिकेशनला चालेल. १९७० मध्ये कॉर्निंगने ते गाठलं. आज १५५० नॅनोमीटर तरंगलांबीला किलोमीटरमागे ०.२ डीबीच्या आसपास लॉस असतो, म्हणजे तेच २० डीबी संपायला शंभर किलोमीटर लागतात. हे एकदा डोक्यात बसलं की लिंक बजेट (वाटेत किती प्रकाश जाणार त्याचा हिशोब) पाठ करावं लागत नाही.

पॅकेटच्या बाजूलाही हेच. काचेत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद. हजार किलोमीटर जाऊन यायला १० मिलिसेकंद लागणारच, कितीही भारी राउटर लावला तरी. आता समज १० जीची लिंक आहे, जाऊन यायला १०० मिलिसेकंद लागतात आणि ग्राहक ओरडतोय की फाइल कॉपी ५ एमबीपीएसच्या वर जात नाही. लोक लगेच लिंकवर संशय घेतात. तू आधी हिशोब कर: टीसीपीची विंडो (पोच येण्याआधी एका वेळी पाठवता येणारा डेटा) ६४ केबीवर अडकली असेल तर एका फेरीत तेवढंच जाणार, सेकंदाला दहा फेऱ्या, बाइटमागे आठ बिट, म्हणजे ५.२ एमबीपीएस. लिंक ठणठणीत आहे! ती पूर्ण भरायची तर १२५ एमबी डेटा वाटेत असायला हवा. हे घरी करून बघता येतं, दोन लिनक्स मशीनमध्ये नेटएम या टूलने डिले घाल, वेग मोजणाऱ्या आयपर्फ थ्रीला छोटी विंडो दे आणि पॅकेट दाखवणाऱ्या वायरशार्कमध्ये कॅप्चर उघड. आकडा तंतोतंत जुळणार नाही, लिनक्स तू मागितलेला सॉकेट बफर दुप्पट करून ठेवतं वगैरे भानगडी आहेत, पण तो फरक का पडला ते शोधण्यातच खरं शिक्षण आहे.

आता ४०० जी. तिथे हीच सवय जास्त लागते, कारण तिथे जुनं शहाणपण अंगावर येतं. आधी आपण म्हणायचो एररचा काउंटर शून्य, लिंक चांगली. ४०० जीच्या ट्रान्सीव्हरमध्ये बहुतेक ठिकाणी पॅम फोर असतं, म्हणजे सिग्नलच्या दोनऐवजी चार लेव्हल, त्यामुळे दोन लेव्हलमधलं अंतर एक तृतीयांश होतं आणि थोडा नॉइजही चावतो. चुका होतच राहतात, एफईसी (जादा बिट पाठवून चुका दुरुस्त करायची पद्धत) त्या दुरुस्त करत राहतो आणि वरून सगळं हिरवंगार दिसतं. एफईसीच्या आधीचा एरर रेट बघत गेलं नाही तर लिंक हळूहळू खंगतेय ते कळतच नाही आणि एक दिवस मर्यादा ओलांडली की लिंक धाडकन पडते. म्हणून नवी लिंक उभी केल्या दिवशीच तो आकडा लिहून ठेव, महिन्याने परत बघ.

कोर्सबद्दल थोडक्यात. सीसीएनए (सिस्कोचं) किंवा जेएनसीआयए (ज्युनिपरचं) यातलं एक सर्टिफिकेट कर, इंटरव्ह्यूचं दार उघडायला उपयोगी पडतं, सर्टिफिकेट गोळा करत बसू नकोस. मग ऑप्टिकल आधी, ४०० जी त्यानंतर, ५ जी ट्रान्सपोर्ट शेवटी, कारण तिथे या दोन्हीवर टायमिंग सिंकची (सगळ्या उपकरणांची घड्याळं जुळवण्याची) भर पडते आणि खालचं कच्चं असलं तर सगळं नुसतं पाठांतर होतं. ट्रेनिंग निवडताना फी आणि ब्रोशर नंतर बघ, आधी फोन करून विचार की स्प्लायसिंग मशीन आणि ओटीडीआर (फायबरमध्ये कुठे किती लॉस आहे ते दाखवणारं यंत्र) माझ्या हातात किती तास असेल. उत्तर गुळमुळीत आलं तर पुढचं बघ.

ओटीडीआर मिळाला की एकच फायबर १३१० आणि १५५० नॅनोमीटर दोन्हीवर तपास. कुठे १५५० ला लॉस ठळक दिसतोय आणि १३१० ला जवळजवळ नाही असं सापडलं तर तिथे बहुतेक फायबर जास्त वाकलीय. पण त्याआधी एकूण लॉस किती यायला हवा तो लिही. तो कागद आणि दोन्ही ट्रेस मला पाठव, बसून बघू.