नवीन समुद्री टाकीत तपकिरी शेवाळ आलंय, कोणतं औषध टाकू?

तीन आठवड्यांची खाऱ्या पाण्याच्या माशांची टाकी, वाळूवर अन् काचेवर तपकिरी भुकटी, आणि गाव सोलापूर. एवढं वाचलं आणि राहवलं नाही. औषध टाकू नका. ती भुकटी म्हणजे डायटम, सूक्ष्म तपकिरी शेवाळ. नव्या टाकीत येतातच, पाण्यातली सिलिका (विरघळलेला वाळूचा अंश) खाऊन संपली की आपोआप जातात. काच पुसत राहा, बाकी हात लावू नका. खरी धास्ती त्यांच्यामागून येणाऱ्या हिरव्या शेवाळाची. आणि त्याचं मूळ टाकीवरच्या दिव्यात नाही, पाण्यात आहे. हे मी आमच्या दादाला गेली चार वर्षं सांगतोय.

माझी टाकी तीन फुटी, साधारण 160 लिटर. जुळे सोलापुरात वरच्या मजल्यावर, म्हणजे एप्रिलमध्ये खोलीचा तवा. चिलर, म्हणजे पाणी गार करायचं यंत्र, परवडत नव्हतं, म्हणून पाण्यावर वारा मारणारे दोन पंखे लावले. त्याने टाकी गार राहायची, पण आपल्या कोरड्या हवेत रोज चार लिटर पाणी उडायचं. उडतं ते निव्वळ पाणी. मीठ, सिलिका आणि नायट्रेट, फॉस्फेट हे शेवाळाचं खाणं, सगळं मागे राहतं. म्हणून वरून भर घालायची ती बिनमिठाच्या, कोऱ्या पाण्याची. आरओच्या पुढे डीआय, म्हणजे उरलेसुरले क्षार धरणाऱ्या दाण्यांची गाळणी, लावायची आणि टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजणाऱ्या मीटरवर शून्य आलं तरच ते पाणी टाकीत.

त्या वर्षी ऐन उन्हाळ्यात बँकेने मला 40 दिवस लातूरला पाठवलं. निघताना 20 लिटरचे आठ कॅन भरून ठेवले, 40 दिवसांचा हिशोब. काचेवर मार्करने रेघ मारली आणि दादाला म्हटलं, रोज रेघेपर्यंत भर, पण या कॅनमधूनच. परत आलो तर सात कॅन जसेच्या तसे. आठवा कॅन इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांना गेलेला, घरच्या आणि कारखान्यातल्या.

‘अरे, महागाचं पाणी, म्हणून जपून ठेवलं. माशांना बोअरचं चालतंय की. समुद्र काय गाळून येतोय का?’

आमच्या बोअरचा टीडीएस 1100. रोज चार लिटर, 40 दिवस. म्हणजे अख्खी टाकी भरेल एवढं बोअरचं पाणी आत गेलं, उडून गेलं आणि त्यातलं जे काही होतं ते सगळं टाकीत साठलं. दगडांवर बोटभर लांब हिरवे केस, म्हणजे केसांसारखं शेवाळ. दादाचा टॉवेलचा कारखाना आहे, त्याला त्याचंच कौतुक: ‘अस्सल टर्किश टॉवेल झालाय बघ.’

इथे मीही एक घाण केली. चिडून दुकानात गेलो, दुकानदाराने ‘शेवाळाचं औषध’ म्हणून निळी बाटली दिली, ती लेबल न वाचता ओतली. त्यात तांबं होतं. मासे तगले, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सगळ्या गोगलगायी उलट्या पडलेल्या. म्हणजे शेवाळ खाणारेच मेले, आणि ते सडल्यावर शेवाळाला आणखी खत. वहिनींनी नाकाला पदर लावून विचारलं, ‘भाऊजी, हा समुद्र कधी उपसणार?’ बाटली मी ओतली हे दादा अजून विसरू देत नाही.

उपसली नाही. रिकामी करून नव्याने सुरू केली असती तर पुन्हा नव्या टाकीत साठणाऱ्या विषारी अमोनियापासून सुरुवात, पुन्हा डायटम. गाळणीचा कार्बन (कोळसा) टाकून तांबं जमेल तेवढं ओढलं, केस हाताने उपटले, उरलेले टूथब्रशने, दर रविवारी 15 लिटर पाणी बदललं. चार महिने लागले. नव्या गोगलगायी त्यानंतरच.

तुमच्याबद्दल एवढंच: स्वयंपाकघरातल्या आरओवर विसंबू नका. चवीसाठी त्यात कच्चं पाणी मिसळायची सोय असते, ती चालू असेल तर मीटरवर 60-70 सहज दिसेल. डीआयचे दाणेही वेळेवर बदला. दाणे संपत आले की सिलिका सगळ्यात आधी निसटते, तेव्हा मीटर अजून शून्यच दाखवत असतो. आपलं बोअरचं पाणी काळ्या पाषाणातून येतं, सिलिका असणारच. नळाचं घेत असाल तर उजनी धरणाचं उन्हाळ्यातलं हिरवं पाणी आठवा. माशांना खाणं कमी टाका.

आणि हो, दिवा. माझा टायमर तेव्हा 12 तासांवर होता. दादाचं सगळं म्हणणं याच एका खुंटीवर टांगलेलं असतं. आता सात तासांवर आहे, फरक पडला हे नाकारत नाही. पण केस वाढायला खाणं लागतं, आणि ते कॅनमधून आलेलं नव्हतं. वाळूवर लाल चिकट साय धरली तर ते शेवाळ नव्हे, तो जीवाणू. त्याचा प्रश्न वेगळा टाका.

तुम्ही रोजची भर कुठल्या पाण्याने घालता हे प्रश्नात लिहिलेलंच नाही. बोअरचं असेल तर खाली तसं स्पष्ट लिहा. दादाला दाखवायचंय.